उंदराला विचारायचंच असेल तर प्रश्न तरी खरा विचारा: नाशिकच्या प्राणी एथिक्स कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातल्या फार्मसी आणि आयुर्वेद कॉलेजांत प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या प्राणी एथिक्स कमिट्यांचे सर्व सभासद, आणि वनस्पतींच्या अर्कांवर मुलांकडून थिसिस करून घेणारे सगळे गाईड सर-मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पंचवटीत माझं छोटं मेडिकल आहे. दरवर्षी जानेवारी संपत आला की दहावी-बारावीच्या पोरांचे आई-बाप शंखपुष्पीचं सिरप न्यायला येतात, कुणी एक बाटली नेतं, कुणी थेट मार्चपर्यंतच्या चार एकदम, आणि त्यातलं कुणी ना कुणी काउंटरवर हात ठेवून हळूच विचारतंच, ताई रोज दिलं तर चालतं ना हो, काही होणार नाही ना पोराला. मी इतकी वर्षं ठरलेलं उत्तर देत आले, आयुर्वेदिक आहे, काही होत नाही. यावर्षी एक बाई आल्या, मुलगी पंधराची, बोलता बोलता कळलं की तिला फिट येतात आणि फेनिटॉइनच्या गोळ्या चालू आहेत. मी बाटली परत रॅकवर ठेवली आणि म्हटलं, ताई हे नका देऊ, आधी डॉक्टरांना विचारा. त्या जरा रागावूनच गेल्या, समोरच्या दुकानातून घेतली असेल तर माहीत नाही.

मी नाही म्हणू शकले कारण १९९२ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी छापलेला एक अभ्यास मी वाचलेला होता. त्यांच्याकडच्या फेनिटॉइन घेणाऱ्या दोन पेशंटना शंखपुष्पीचं सिरप सुरू केल्यावर अचानक फिट आवरेनाशा झाल्या आणि रक्तात गोळीची पातळी उतरलेली दिसली, म्हणून त्यांनी तेच सिरप आणि तीच गोळी उंदरांना दिली. एका डोसने रक्तातली पातळी हलली नाही. पण सलग काही दिवस दिल्यावर ती खाली आली आणि गोळीचा फिट रोखायचा गुणही कमी झाला. म्हणजे बघा, कुणीतरी पेशंटकडे नीट पाहिलं, प्रश्न नेमका केला, बाजारातलं खरं सिरपच उंदराला दिलं, एकदा देऊन थांबले नाहीत, आणि त्या उंदरांनी दिलेलं उत्तर इतक्या वर्षांनी पंचवटीतल्या एका काउंटरवर कामाला आलं.

आता दुसरे उंदीर. माझे. माझा एम.फार्म.चा थिसिस शंखपुष्पीवरच होता, याच शहरात, २०११ साली, आणि त्यातला सेफ्टीचा भाग त्या बाईंना सांगण्यासारखा तर नव्हताच पण खरं सांगायचं तर कुणालाच सांगण्यासारखा नव्हता. हे पत्र त्याबद्दल आहे. कॉलेजचं नाव घेत नाही, गाईडचं घेत नाही, कारण तेव्हा जे झालं ते तिथलं एकट्याचं नव्हतं, माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणींनी असंच केलं आणि अजूनही दुकानात प्रोजेक्टसाठी टाल्कपासून सीएमसीपर्यंत (अर्क कालवायची चिकट पावडर) काहीबाही शोधत येणारी मुलं जे सांगतात त्यावरून फार काही बदललेलं नाही.

काय झालं ते क्रमाने सांगते. शंखपुष्पी नावाने आपल्या देशात किमान चार वेगवेगळी झाडं विकली जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उत्तरेकडची ती कॉन्व्हॉल्व्ह्युलस, आपल्याकडे माळावर पावसाळ्यात निळी इवली फुलं येणारी विष्णुक्रांता, कुठे गोकर्ण, कुठे कॅन्स्कोरा. मी जुन्या नाशकातल्या एका जडीबुटीच्या दुकानातून तीन किलो वाळलेला चुरा आणला, त्यात काड्या होत्या, माती होती, एक-दोन फुलं होती की काय तेही ओळखू येत नव्हतं. ऑथेंटिकेशन सर्टिफिकेट, म्हणजे झाड तेच आहे असा दाखला, तर लागतंच, आणि चुऱ्याचं सर्टिफिकेट कोण देणार, तिथे फुलासकट फांदी लागते. मग सीनियरने सांगितलं तसं अंजनेरीच्या पायथ्याला जाऊन विष्णुक्रांतेच्या फुलं असलेल्या काड्या उपटून आणल्या, वर्तमानपत्रात दाबून पुण्याला पाठवल्या आणि तिकडून अगदी बरोबर सर्टिफिकेट आलं, इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, विष्णुक्रांतेचं शास्त्रीय नाव. त्या काड्यांचं सर्टिफिकेट. चुरा कोणत्या झाडाचा होता ते मला आजही माहीत नाही. थिसिसच्या पहिल्या चाळीस पानांत मात्र इव्हॉल्व्ह्युलसच आहे.

मग अर्क. मेथॅनॉलमध्ये सॉक्सलेट, म्हणजे अर्क काढायचं काचेचं उपकरण, लावला, कारण मेथॅनॉलमध्ये सगळं छान उतरतं आणि पुढे ॲक्टिव्हिटी दिसते. घरात कुणी मेथॅनॉलमधली शंखपुष्पी पीत नाही, पाण्यातला काढा पितात नाहीतर साखरेतलं सिरप, हा विचार तेव्हा कुणी बोलूनसुद्धा दाखवला नाही, मलाही सुचला नाही.

मग ॲक्यूट टॉक्सिसिटी, म्हणजे एकाच मोठ्या डोसने प्राणी मरतो का ते बघणं, ओईसीडीच्या आंतरराष्ट्रीय गाईडलाइन ४२३ प्रमाणे. तीन मादी विस्टार, म्हणजे प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर, रात्रभर उपाशी, २००० मिलिग्रॅम प्रति किलो. १८० ग्रॅमच्या उंदराला ३६० मिलिग्रॅम अर्क, तोही १.८ मिलिलिटर सीएमसीत, कारण शंभर ग्रॅमला एक मिलिलिटरच्या वर सहसा देत नाहीत. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत आहे की ते काय प्रकरण असतं, काळपट चिकट लापशी, सुईत अडकते, जोर लावावा लागतो, आणि मी त्याआधी गॅव्हेज, म्हणजे तोंडातून सुई घालून थेट पोटात औषध सोडणं, फक्त दोनदा केला होता आणि तोही सीनियरचा हात माझ्या हातावर असताना. तिसऱ्या मादीच्या वेळी ती हिसका देऊन फिरली, तिच्या नाकाशी थोडा फेस आला, मी घाबरले, पण ती श्वास घेत होती म्हणून पिंजऱ्यात ठेवली. पाठीवर ओळखीसाठी लावलेला पिक्रिक ॲसिडचा पिवळा ठिपका होता तिच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲनिमल हाऊसच्या मामांनी फोन केला, मॅडम तुमची पाठवाली गेली. मामा रोज भुसा बदलायचे, बाटल्या भरायचे, आणि प्रत्येक पिंजऱ्यात कोण खातंय कोण नाही हे त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. ते म्हणाले, रात्रीपासून ती कोपऱ्यात बसून होती, पाठ उंच करून, केस पिंजारलेले. हे कुठेही लिहिलं गेलं नाही. वरून मला सांगितलं गेलं, गॅव्हेज चुकला असेल, ट्रीटमेंटमुळे नाही, दुसरी घे. पोट उघडून बघितलंसुद्धा नाही. पाच-दहा मिनिटांचं काम होतं हो, छाती उघडली असती, फुप्फुसात तो काळा अर्क सापडला असता तर चूक माझ्या हाताची, नसता सापडला तर मग निदान लिव्हर, आतडी बघितली असती. त्याच गाईडलाइनमध्ये लिहिलंय की मेलेला असो की शेवटी मारलेला, प्रत्येक प्राण्याचं शवविच्छेदन करायचं. मी दुसरी मादी घेतली, पुढच्या स्टेपच्या तिघींसकट बाकी सगळ्या चौदा दिवस जगल्या, आणि टेबलमध्ये मॉर्टॅलिटीच्या, म्हणजे किती मेले त्याच्या, रकान्यात मी स्वतःच्या हाताने शून्य लिहिलं.

सगळ्यात जास्त लागतं ते हे की खरं लिहिलं असतं तरी काही बिघडलं नसतं. ४२३ मध्ये २००० ला पहिल्या तिघांत एक गेला तरी त्याच डोसला पुढचे तीन घेता येतात आणि तिथे कुणी गेलं नाही तर निष्कर्ष जवळपास तोच राहतो. थिसिस थांबला नसता. नुसती भीती होती, की व्हायव्हाला एक्स्टर्नल विचारतील, की मुलीला गॅव्हेज येत नाही असं दिसेल. एवढ्यासाठी एक जीव कागदावरूनही गेला.

सर, मॅडम, आता तुमच्याशी बोलते.

तुमच्यापुढे दर मीटिंगला फॉर्म बी, म्हणजे प्राणी वापरायच्या परवानगीचे अर्ज, येतात, कधी एका दुपारी वीस-पंचवीस. त्यात अर्क असतात, गुळवेल, तुळस, अश्वगंधा, शेवगा, कडुनिंब, जांभूळ, पुन्हा गुळवेल, पुन्हा शेवगा. प्रत्येकात ॲक्यूट टॉक्सिसिटी आहे, सहा प्राणी, २००० ला, आणि पुढे ठरलेलं वाक्य, २००० ला सेफ म्हणून त्याचा दहावा भाग २०० हा डोस घेतला. हे वाक्य कुठून आलं कुणी विचारतं का? २००० चा दहावा भाग म्हणजे माणसाच्या डोसशी त्याचा काय संबंध? उंदराचा डोस माणसात आणायला साधारण ६.२ ने भागतात, म्हणजे २००० चे झाले ३२२ मिलिग्रॅम प्रति किलो, साठ किलोच्या माणसाला एकदम १९ ग्रॅम अर्क. झाड नव्हे, अर्क. एका बैठकीत १९ ग्रॅम अर्क कोण खातो? लोक अर्धा ग्रॅम, एक ग्रॅम खातात, पण सहा महिने खातात, वर्षभर खातात, बीपी-शुगरच्या गोळ्यांबरोबर खातात. आपण उंदराला विचारतो, एकदम भरपूर खाल्लं तर मरशील का. माझ्याकडे येणारा माणूस विचारतो, थोडं थोडं रोज खाल्लं तर माझं काय होईल. दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिल्याचं उत्तर आपण दुसऱ्याचं म्हणून छापतो.

मी प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहिते, कारण असं पत्र लिहिलं की लगेच कुणीतरी म्हणतं मॅडम आता ॲक्टिव्हिस्ट झाल्या. 'हजारो वर्षं वापरात आहे' या वाक्यावर माझा विश्वास नाही. जुन्या वापरातून कळतं की खाल्ल्यावर उलटी झाली, जुलाब झाले, चक्कर आली, माणूस गेला. पण वीस वर्षांनी किडनी गेली आणि ती त्या काढ्याने गेली, हे घरातल्या आजीला कसं कळणार? ॲरिस्टोलोकिया घ्या, आपल्याकडे सापसण म्हणतात ती वेल त्याच जातकुळीतली. तिच्यातल्या ॲसिडने उंदरांना कॅन्सर होतो हे जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ला छापलं होतं. आणि १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल दिल्या गेल्या, त्यात हवी होती एक फांग ची आणि आली दुसरी फांग ची, नावं सारखी, झाड वेगळं, आणि ते दुसरं झाड ॲरिस्टोलोकिया निघालं. शंभराहून जास्त जणींच्या किडन्यांना इजा झाली, बऱ्याच जणींच्या पूर्ण निकामी झाल्या, त्यातल्या कित्येकींना नंतर मूत्रमार्गाचे कॅन्सर झाले. उंदीर आठ-दहा वर्षं आधी सांगून बसले होते. ऐकायला कुणी नव्हतं, आणि कॅप्सूलमध्ये कुठलं झाड आहे हे बघायलाही कुणी नव्हतं.

नावं सारखी, झाड वेगळं. माझा चुरा आणि माझ्या काड्या. म्हणून मला ही गोष्ट आठवली की अजूनही पोटात गोळा येतो.

आणि गुळवेलीचं तर ताजंच आहे. कोविडमध्ये आपल्या नाशकात कुंपणाकुंपणावरच्या वेली तोडून नेल्या लोकांनी, माझ्या दुकानातून गुळवेल घनवटी संपायची सकाळी अकराच्या आत. २०२१ ला मुंबईच्या लिव्हरच्या डॉक्टरांनी सहा पेशंट छापले, गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले, नंतर देशभरच्या हॉस्पिटलांतून मिळून त्रेचाळीस. आयुष मंत्रालयाने उत्तर दिलं की त्या सहा पेशंटनी नेमकं कोणतं झाड खाल्लं ते तपासलेलं नाही, ते गुळवेलीच्याच कुळातलं, तसंच दिसणारं दुसरं टिनोस्पोरा असू शकतं. यात कोण किती बरोबर यावर माझ्यासारख्या दुकानदार बाईने निकाल द्यायचं कारण नाही. पण वाद कशावर अडला बघा ना, झाड कोणतं यावर. आणि त्यातल्या बऱ्याच पेशंटमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटल्याच्या खुणा होत्या, तसलं काही सहा निरोगी तरुण मादी विस्टारमध्ये चौदा दिवसांत दिसणारच नाही. उंदराला उलटीसुद्धा करता येत नाही हो, रॅट जातीच्या या उंदराला पित्ताशय नसतं. त्याच्या मर्यादा मान्य करून त्याला विचारलं पाहिजे, नाहीतर 'सेफ' हा शब्द आपण त्याच्या तोंडी घालतो.

कायद्यात काय आहे तेही माहीत आहे मला. ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स रूल्सचा १५८-बी, २०१० पासूनचा. ग्रंथात आहे तसं औषध आणि पाण्यातला अर्क असेल तर लायसन्सला सेफ्टी स्टडी लागत नाही, पाणी किंवा पाणी-अल्कोहोल सोडून दुसऱ्या सॉल्व्हंटमधला (अर्क उतरवायच्या द्रवातला) अर्क असेल तर ॲक्यूट, दीर्घकाळाची क्रॉनिक, जनुकं बिघडतात का बघणारी म्युटाजेनिसिटी, गर्भाला इजा होते का बघणारी टेराटोजेनिसिटी सगळं लागतं. मला यातला विचार पटतो. काढा वेगळा आणि हेक्झेनमधला अर्क वेगळा, नाव एकच असलं तरी. मग आपल्या थिसिसमध्ये मेथॅनॉलच्या अर्कावर टेस्ट करून शेवटच्या पानावर 'सदर वनस्पती सुरक्षित आहे' असं कसं लिहू देता तुम्ही? फार तर हा चुरा, या सॉल्व्हंटमधला, या डोसला, इतके दिवस. वनस्पती नव्हे.

तुमच्या हातात खूप आहे, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. १९६० च्या कायद्यातच लिहिलंय की टाळता येतील तिथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची समिती, आधी सीपीसीएसईए म्हणायचो, आता सीसीएसईए, त्यांच्या फॉर्ममध्ये प्राणी का हवेत आणि इतकेच का याचा रकाना आहे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ ला सांगितलेले ते तीन आर, पर्याय शोधा, संख्या कमी करा, त्रास कमी करा, सगळ्या मुलांना पाठ असतात, एमसीक्यूत येतात. पण मीटिंगमध्ये कुणी एकाने तरी विचारावं ना, बाळा, या झाडाची ॲक्यूट आधी किती जणांनी केलीय, शोधलंस का? शेवग्याच्या पानांची पुन्हा तीच टेस्ट कशाला, त्यापेक्षा ते सहा प्राणी वाचव आणि जुना आकडा वापर, तुझा अर्क त्यांच्यासारखा आहे एवढं फक्त सिद्ध कर.

आणि जिथे खरा प्रश्न आहे तिथे द्या की प्राणी, हात आखडू नका. बचनागाचं शोधन, म्हणजे विष उतरवायची प्रक्रिया, गाईच्या दुधात केलं तर आणि गोमूत्रात केलं तर हृदयावरचा परिणाम किती फरकाने उतरतो, हा प्रश्न आहे. बिब्बा, गुंजा, कुचला, शेड्यूल ई-वनमधली, म्हणजे विषारी औषधांच्या कायद्यातल्या यादीतली, ही सगळी आपल्या वैद्यांच्या रोजच्या हाताखालची, त्यांचं शोधित-अशोधित समोरासमोर बघणं हा प्रश्न आहे. डायबिटीसची गोळी चालू असलेल्याला मेथी-कारल्याचा अर्क दिला तर शुगर किती खाली जाते, हा माझ्या काउंटरवरचा रोजचा प्रश्न आहे. याच्यासाठी ओईसीडीची ४०७ करा, अठ्ठावीस दिवसांची, एका डोसला पाच नर पाच मादी, तीन डोस आणि एक कंट्रोल, चाळीस प्राणी. नव्वद दिवसांची केली तर ऐंशी. जास्त वाटतात, हो, पण शेवग्याच्या वीस-वीस निरर्थक ॲक्यूटमध्ये सहा-सहा करून एकशे वीस जातात ते आपण मोजत नाही कारण ते वेगवेगळ्या फायलींत असतात.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. मुलांकडे शेवटचं एकच वर्ष असतं, हिस्टोपॅथॉलॉजीचे, म्हणजे अवयवांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, पैसे त्यांच्याच खिशातून जातात, एका ऑर्गनच्या स्लाइडसाठी पोरं रूमवर एक वेळ जेवून राहतात, मी राहिलेय. मग प्रत्येकाने एक अख्खी छोटी टेस्ट करण्यापेक्षा तीन-चार कॉलेजांनी मिळून एक नीट टेस्ट का करू नये, एकाने अर्क करावा आणि त्यात काय काय आहे ते दाखवणारा एचपीटीएलसी काढावा, एकाने अठ्ठावीस दिवस डोस द्यावेत, एकाने रक्त-स्लाइड बघाव्यात, चौघांच्या थिसिसमध्ये चार भाग. आपण एका शहरात आहोत, सातपूर, अंबड, पंचवटी, आडगाव, फार तर अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. फार्मसीवाले पुणे विद्यापीठाचे, आयुर्वेदवाले आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे, ही अडचण कागदावरची आहे, आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर दिंडोरी रोडला आपल्या दारातच आहे, जाऊन बसा ना एकदा सगळे मिळून.

फॉर्म बी मंजूर करताना तुम्ही हे एवढं मागा, माझी हात जोडून विनंती आहे. चुरा नको, ज्या झाडाचा अर्क करायचा त्याच झाडाची फांदी दाबून ठेवलेली असू दे आणि त्याच्याच बाजूला अर्काची बाटली, बॅच नंबर टाकून, पाच वर्षं. लोक ज्या रूपात घेतात त्याच रूपात द्या, आणि दुसऱ्या रूपात द्यायचंच असेल तर का ते लिहायला लावा. डोस माणसाच्या डोसवरून काढा, २०० ग्रॅमच्या उंदराला माणसाचा डोस गुणिले ०.०१८ हे पेजेट-बार्न्सचं गणित सगळ्यांना येतं, त्याच्या एक पट, पाच पट, दहा पट द्या, दहाव्या भागाचं वाक्य बंद करा. आणि मेलेला प्रत्येक प्राणी उघडा. प्रत्येक. कुणाच्याही हातून गेला असला तरी, मुलगी रडत असली तरी तिला तिथेच उभं करून उघडायला लावा, तिला आयुष्यभर बरं वाटेल.

अजून एक, मामांच्या वहीचं. प्रत्येक ॲनिमल हाऊसमध्ये कुणीतरी मामा असतातच, त्यांना एक वही द्या आणि जे दिसेल ते त्यांच्या शब्दांत लिहू द्या, कोपऱ्यात बसली, खाल्लं नाही, केस पिंजारले, आणि ती वही मीटिंगमध्ये मागवा. 'नो क्लिनिकल साइन्स ऑब्झर्व्ड' असं जे आम्ही लिहितो ते दुपारी अकरा ते चार या वेळेतलं असतं. उंदीर रात्रीचा प्राणी आहे.

आणि जे वाईट निघेल ते दडपू नका. ज्या अर्काने एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या इजेची रक्तातली खूण, वाढला तो थिसिस कपाटात जातो, ज्याने नाही वाढला तो जर्नलमध्ये जातो, आणि मग पुढची पोरगी तेच झाड घेऊन परत तेच उंदीर मारते कारण तिला माहीतच नसतं. जिल्ह्यापुरती एक साधी यादी ठेवा, एक्सेल शीटसुद्धा चालेल, झाड, भाग, सॉल्व्हंट, डोस, दिवस, काय झालं. २०२७ चा सिंहस्थ आलाय, रामकुंडावर, त्र्यंबकच्या रस्त्यावर जडीबुटीच्या किती ताडपत्र्या लागतील ते तुम्हाला माहीत आहे, त्यातलं काय कशाबरोबर घेऊ नये हे विचारायला लोक आमच्यासारख्या मेडिकलवाल्यांकडेच येणार. आम्हाला सांगायला काहीतरी द्या.

माझ्या थिसिसचं सांगून थांबते. माझ्या कॉलेजला मी पत्र दिलंय की लायब्ररीतल्या प्रतीत टॉक्सिसिटीच्या टेबलच्या पानाला माझी सहीची चिठ्ठी डकवा: मॉर्टॅलिटी शून्य नाही, एक, पिक्रिक मार्क पाठीवर, दुसऱ्या दिवशी सकाळी, शवविच्छेदन केलं नाही, आणि वापरलेल्या चुऱ्याची ओळख पटवलेली नव्हती. अजून उत्तर आलेलं नाही, मी परत जाणार आहे. कुणी त्या थिसिसचा संदर्भ घेतला असेल तर कृपया काढून टाका.

आणि गॅव्हेज शिकवायला मी यायला तयार आहे, कुठल्याही कॉलेजात, पैसे नकोत. नुसता हात बसावा म्हणून जिवंत प्राण्यावर प्रयोग करू नयेत असं कायद्यातही आहे, म्हणून सिलिकॉनचं रॅटचं मॉडेल मिळतं ते एक घ्या, एका कॉलेजाने घेतलं तरी सगळ्यांना पुरेल. मान कशी धरायची, सुई कुठवर मोजून घ्यायची, अर्क किती पातळ हवा, आणि प्राण्याने हिसका दिला तर थांबायचं, जोर लावायचा नाही, हे मी दाखवू शकते. सोमवारी माझं दुकान बंद असतं, सोमवार ठेवा.

आपली,
एक माजी एम.फार्म. विद्यार्थिनी,
पंचवटी, नाशिक